लांबच्या रस्त्याची सायकल

रविवार, ५ ऑक्टोबर

प्रिय मास्तर,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नका, इथे आम्ही दोघंही ठीक आहोत. तुम्हीही असाल असं धरून चालतो. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. हल्ली फोनवर मी नुसता "हं, हं" करतो, मग थोड्या वेळाने तुम्हीही थांबता. अठ्ठावीस वर्षं लिफ्टच्या लॉगबुकात "तपासली, तेल दिलं, ठीक आहे" एवढंच लिहिलेल्या माणसाला पत्रही जडच जाणार. पण कागद मध्येच काही विचारत नाही, एवढा फायदा आहे.

कामाचं आधी लिहितो. मला सायकल घ्यायची आहे. भाजी आणायची नव्हे, तुम्ही आणि शिडी चालवायचात तशी, वाकड्या हँडलची, लांबच्या रस्त्याची.

हसू नका. तुमच्या सासूबाई दोन दिवस हसून झाल्या आहेत. म्हणाल्या, "निवृत्त झालेली माणसं झाडांना पाणी घालतात. तुम्ही आखूड चड्डी घालून गावभर फिरणार?"

मी म्हटलं, "गावभर नाही, गावाबाहेर."

"मग हरकत नाही. गावाबाहेर मला कोणी ओळखत नाही."

तर वय बासष्ट, वजन एकाहत्तर, उंची तुम्हाला माहीत आहेच, शिडीच्या कानाला लागायचो. लेक आईच्या माहेरच्यांसारखी ताडमाड झाली म्हणून तर मी तिला शिडी म्हणायला लागलो. लिफ्टवाल्याच्या घरात शिडी. या विनोदावर मी एकटाच हसायचो आणि ती हसू दाबायची.

जूनपासून मी तिचीच सायकल बाहेर काढतो आहे. तुम्ही ती आमच्याकडे ठेवून गेलात तेव्हा म्हणाला होतात की घरात समोर दिसते ते सहन होत नाही. मी ती मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली होती. दर पंधरा दिवसांनी हवा भरायचो. मग एका सकाळी वाटलं, हवा भरतोच आहे तर बसून बघू. आता रोज सकाळी वीस किलोमीटर होतात. त्यापुढे गुडघ्यांच्या मागे दुखतं, मान आखडते आणि हाताची शेवटची दोन बोटं बधिर होतात. घरी येऊन कप धरला की तो दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे असं वाटतं.

अकरा सायकलींचा तक्ता केला आहे. चौकटीचा कागद घेऊन फ्रेम कशाची, टायर किती रुंद, गिअर किती, वजन किती, सगळं भरलं. जाहिरातीत तर अकराच्या अकरा आरामदायी आहेत. आता तुम्ही सांगा. अॅल्युमिनियमची फ्रेम अंगाला हादरे देते हे खरं का? कार्बनची माझ्या हातून पडली तर चिरते का? रुंद टायरने वेग मरतो असं एकजण म्हणाला, पण मला वेग कुठे हवा आहे? मला एवढंच हवं की सकाळी बसलेला माणूस दुपारी ताठ उतरला पाहिजे.

जायचं कुठे असं विचाराल. अजून ठरलेलं नाही.

आमच्याकडे यायला शिडी तुमच्या घरून साडेपाचला निघायची. एकशे अठरा किलोमीटर. कधी तुम्ही बरोबर असायचात, कधी एकटीच. अकरा वाजले की मी कोपऱ्यावर जाऊन उभा राहायचो. तिला कळू नये म्हणून हातात काहीतरी घेऊन, एकदा तर रिकामी पिशवी. ती वळणावरूनच ओरडायची, "बाबा, पिशवीत काय आहे?" तोंडावर घामाचं मीठ वाळलेलं असायचं. आल्या आल्या ती ओट्यावर आडवी व्हायची आणि आई म्हणायची, "ऊठ, लादी खराब होतेय." तिच्या पाठीचा ओला ठसा लादीवर बराच वेळ राहायचा.

असो.

ऑगस्टमध्ये तुम्ही फोनवर जे विचारलंत ते माझ्या लक्षात आहे. तुमच्या शाळेतल्या ग्रंथपालबाईंशी लग्न करावं असं मनात आहे, पण आमच्या मनाविरुद्ध पाऊल टाकणार नाही, असं तुम्ही म्हणालात. त्यावर मी "इकडे नळाला दाब कमी आहे" असं काहीतरी बोललो. तेव्हापासून तुमचे रविवारचे फोनही आटले. त्यात तुमची चूक नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे. या पत्रात देत नाही. आधी सायकलचं बघू.

सासूबाई विचारतात, तुम्ही दुपारचं नीट जेवता का.

तुमचा,
बाबा


रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,

तुमचं पत्र आठ दिवसांत आलं. त्यातली आकृती मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस जावई असण्याचा हा उपयोग मला इतक्या उशिरा कळला. हँडल फार खाली आणि फार पुढे असलं की शरीराचा भार तळहातावर येतो, म्हणून बोटं बधिर होतात. पुढची नळी उंच आणि बसण्याची जागा ते हँडल हे अंतर कमी, अशी फ्रेम बघा. फ्रेम कशाची आहे यापेक्षा टायर किती रुंद आणि हवा किती यावर हादरे जास्त अवलंबून. एवढं मला समजलं. मुलांना असंच शिकवत असाल तर ती भाग्यवान आहेत.

एका वाक्यावर मात्र मी अडलो. तुम्ही लिहिलंत, "बाबा, तुमच्या गुडघ्यांचं दुखणं सीटच्या उंचीमुळे आहे, ती तुम्ही तुमच्या मापाला केली असेलच." त्याबद्दल खाली लिहितो.

आम्ही दोघं दुकानात गेलो होतो. दुकान एका चाळिशीच्या बाईंचं आहे. हात माझ्यासारखेच, नखांत काळं ग्रीस. मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो नीट वाचला, घडी घातली आणि मलाच परत दिला.

"काका, छान केलाय. पण यात एक रकाना राहिला."

"कोणता?"

"तुम्ही."

मग त्यांनी मला शिडीच्या सायकलवर बसवलं. ती मी बरोबर नेली होती, मागचं चाक एका स्टँडमध्ये अडकवून जागच्या जागी पेडल मारायला लावलं. त्या बाजूला उकिडव्या बसून माझ्या टाचेकडे बघत होत्या.

"ही सायकल कोणाची?"

"घरचीच."

"घरात उंच कोण आहे?"

तुमच्या सासूबाई एकदम दुकानातल्या घंट्या बघायला लागल्या. एकेक वाजवून बघत होत्या.

बाई म्हणाल्या, "सीट चांगली तीन सेंटिमीटर वर आहे. प्रत्येक फेऱ्याला तुम्ही पंजा ताणताय. गुडघ्याची मागची शीर ओरडणारच. थांबा, खाली घेते." त्यांनी पाना काढला आणि मी सीटच्या दांड्यावर हात ठेवला.

"ती नको हलवू."

"काका, दोन मिनिटांचं काम आहे."

"माहीत आहे. नको."

त्यांनी आधी माझ्याकडे, मग दांड्यावरच्या लाल चिकटपट्टीकडे बघितलं. तुम्हीच लावली होतीत ना ती, प्रवासात सीट काढली तर परत बरोबर त्याच उंचीला बसावी म्हणून? बाईंनी पाना खिशात घातला. "बरं," एवढंच म्हणाल्या.

तर मास्तर, मी ती उंची बदलली नव्हती. पाच महिने पंजे ताणून चालवली. खूण केलेली आहे, खाली घेऊन पुन्हा वर करता येते, हे आयुष्यभर पाना हातात धरलेल्या माणसाला कळत नाही असं नाही. पण त्या उंचीला शेवटचा हात तिचा लागलेला आहे. मी पाना फिरवला की मग पुढची उंची मी लावलेली. दुखलं तर दुखू दे म्हटलं. माझ्या डॉक्टरांना मी सांगितलं की जिने जास्त झाले.

पुढचं गमतीचं आहे. बसण्याच्या हाडांचं माप घ्यायला त्यांनी मला स्टुलावर पुठ्ठा ठेवून बसवलं, खोक्याचा असतो तसा. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे पडले होते. पट्टीने मोजलं तर तेरा सेंटिमीटर. सासूबाई घंट्या सोडून बघायला आल्या. म्हणाल्या, "पस्तीस वर्षं संसार झाला, हे माप मला माहीत नव्हतं." दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी तिघं-चौघं हसत असताना मी त्यांच्यात होतो.

ठरली ती सायकल अशी. फ्रेम अॅल्युमिनियमची, पुढच्या चाकाचा चिमटा कार्बनचा, म्हणजे हाताला हादरे कमी. हँडल उंच आणि जवळ. टायर बत्तीस मिलिमीटर. पुढचा दातेरी चक्का छोटा आणि मागचा सर्वांत मोठा मागितला, चढावर उतरून ढकलायला लागू नये म्हणून. ब्रेक चकतीचे, ते मला लगेच समजले, लिफ्टसारखेच आहेत, चाकाला न धरता आसाजवळ धरतात. सीट माझ्या पुठ्ठ्याच्या मापाची. माझ्या तक्त्यात पहिली आलेली सायकल ही नव्हे. ती बाईंनी मला पाच मिनिटं चालवायला दिली आणि म्हणाल्या, "ही शर्यतीची आहे काका, फक्त जाहिरातीत शांत दिसते. तुम्हाला हवी ती दिवसभर बसायची खुर्ची." रंग सासूबाईंनी ठरवला, हिरवा. मागवायला लागेल, तीन-चार आठवडे.

घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे सायकल यायला महिना. मग सराव दोन महिने. मग उन्हाळा. त्या मुलाला उत्तर द्यायला तुम्ही सायकल शोधताय का पळवाट?"

त्यांना कसं कळलं माहीत नाही. जायचं कुठे ते मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. तुमच्याकडे. तिच्याच रस्त्याने, उलट्या दिशेने. समोर बसून सांगायचं असं मी ठरवलं होतं. आणि हेही खरं की एकशे अठरा किलोमीटर जमेपर्यंत सांगावं लागणार नव्हतं.

सासूबाईंचं उत्तर कळवतो, त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. "माझी काही हरकत नाही. बाई चांगल्या असतील तर करा. रडू येईल, पण ते माझं मी बघेन." हे त्यांचे शब्द.

माझ्याकडून थोडं थांबा. राग नाही. माझं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात मावणारं नाही, म्हणून लांबतं आहे.

थंडीत चालवत असाल तर कानाला बांधा.

तुमचा,
बाबा


बुधवार, २१ जानेवारी
दुपारी दीड

प्रिय मास्तर,

वरचा छापील मथळा वाचून तुम्ही गोंधळाल. कागद तुमच्या शाळेच्या वाचनालयाचा आहे. मी इथेच बसलो आहे, खिडकीजवळच्या टेबलावर. तुमचा तास दुसऱ्या इमारतीत चालू आहे असं शिपाई म्हणाले. बोलवू का विचारलं, मी नको म्हटलं. बोलावलं असतं तर मी तुम्हाला पुन्हा नळाचा दाब सांगितला असता.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. नोव्हेंबरपासून उत्तर नव्हतं. मी म्हणत होतो परीक्षा असतील. खरं तर उत्तर येत नव्हतं ते मला सोयीचंच होतं. नवी सायकल आली होती, मी रोज थोडं थोडं वाढवत होतो, एकसष्ट किलोमीटरपर्यंत पोचलो होतो.

तुमच्या पत्रात दीड पान चेनला तेल कसं द्यायचं ते आहे. कापड कोणतं घ्यायचं, किती थेंब, जादाचं पुसून का काढायचं. आणि मग शेवटच्या दोन ओळी. "ग्रंथपालबाईंचा विषय मी मिटवला आहे. त्यांनी दुसऱ्या गावी नोकरी धरली आहे, या महिनाअखेर जातील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाबा."

सासूबाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता?"

"मी उद्या जातो."

"बसने जा."

"पहिली बस दहाला आहे. सायकल साडेपाचला निघते."

आज निघण्याआधी, चहा घेताना, जे तुम्हाला सांगायला आलो आहे ते आधी त्यांना सांगितलं. त्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या, केळी आणि पाव बांधून दिला. दारात येऊन म्हणाल्या, "मला तरी सांगायचंत. मी तिची आई आहे." मी हेल्मेट काढायला लागलो. तर म्हणाल्या, "निघा आता. सांगून या. मग माझ्याशी बोला." ते बोलणं अजून व्हायचं आहे आणि ते सोपं नसणार.

संपूर्ण रस्ता सायकलवर आलो असं खोटं लिहिणार नाही. त्र्याऐंशी किलोमीटर झाले. बोटं शेवटपर्यंत माझीच होती, मान ठीक होती, गुडघे ठीक होते. तुम्ही दोघांनी, म्हणजे तुम्ही आणि दुकानवाल्या बाईंनी, सायकल बरोबर निवडली. दमच संपला. लाकडी कपाटं नेणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, एवढी आरामाची सायकल म्हणता, मग उतरलात का?" मी म्हटलं, "सायकल आरामाची आहे. मी नाही." पुढचे पस्तीस किलोमीटर दोन कपाटांच्या मध्ये बसून आलो.

इथे आलो आणि पत्र लिहायला कागद मागितला. टेबलामागच्या बाई त्याच, हे मला लगेच कळलं. तुम्ही फोनवर सांगितलं होतंत तसंच पेन केसांत खोवलेलं होतं आणि त्या ते टेबलावर शोधत होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग कागद.

"पालक ना? कोणत्या वर्गातल्या मुलाचे?"

"मुलीचा. ती केव्हाच गेली इथून." तुमच्या शाळेत ती कधी शिकली नव्हती, पण दुसरं काही सुचलं नाही.

माझं हेल्मेट बघून म्हणाल्या, "सायकलवर आलात? या वयात? म्हणजे, कौतुकाने म्हणतेय हं."

"थोडा टेम्पोतही आलो."

"आमच्याकडे एक सर आहेत सायकलवाले. हल्ली चालवत नाहीत." एवढं बोलून त्या कपाटाकडे वळल्या. एका खोक्यात स्वतःची पुस्तकं भरत आहेत. शाळेची कोणती, आपली कोणती, हे पहिलं पान उघडून बघतात आणि मग ठेवतात. खोकं अर्धं भरलं आहे.

मी कोण ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता लिहितो.

तिच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तुम्ही तपासलेले पेपर शाळेत द्यायला गेला होतात. मी हॉस्पिटलात तिच्याजवळ होतो. सासूबाई खाली औषधांच्या रांगेत होत्या. शिडी जागी होती, त्या दिवशी जरा बरं वाटत होतं तिला. म्हणाली, "बाबा, एक काम आहे. मास्तरला सांगायचं आहे, पण मी सांगितलं तर तो ऐकून घेणार नाही, नुसता रडेल. तुम्ही सांगा." मी म्हटलं, सांग. मग ती जे बोलली ते शब्दाला शब्द लिहितो, मला ते पाठ आहे.

"त्याला म्हणावं, एकटा राहू नकोस. तू चहावर जगशील आणि रविवारी बाबांना फोन करून माझ्या आठवणी काढत बसशील. एक वर्ष कर तसं. मग पुरे. कोणी चांगली भेटली तर लग्न कर. मला वाईट वाटेल असं समजून थांबू नकोस. मला वाईट वाटणार नाही, कारण मीच सांगतेय. आणि तिला सांग, रस्त्यावर चढ आला की तू बोलायचा थांबतोस, तो राग नसतो, तुझा दम लागलेला असतो."

मग मला म्हणाली, "सांगाल ना? वर्ष झाल्यावर?"

मी म्हटलं, "सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

विसरलो असं म्हणायची सोय नाही. एक दिवसही विसरलो नाही. पहिलं वर्ष तिनेच थांबायला सांगितलं होतं. ते गेल्याच्या आधीच्या मार्चमध्ये संपलं. त्याला आता दोन वर्षं होत आली.

का नाही सांगितलं ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. दर रविवारी दहाला तुमचा फोन यायचा. तुम्ही म्हणायचात, "बाबा, आज आठवलं, ती पंक्चर काढताना शिव्या द्यायची." मग मी म्हणायचो, लहानपणी लिफ्टमध्ये अडकली तेव्हा रडली नाही, मला आतून सूचना देत होती. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. सासूबाई तिच्याबद्दल बोलत नाहीत, त्यांना झेपत नाही. सगळ्या जगात तिच्याबद्दल तसं बोलणारं मला तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. निरोप दिला असता तर तुम्ही मोकळे झाला असतात. मग हे माझं एकट्याचं राहिलं असतं. म्हणून पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. ऑगस्टमध्ये तुम्ही स्वतःहून विचारलंत, तेव्हा तर नुसतं "तिनेच सांगितलंय" एवढं म्हणायचं होतं. चार सेकंदांचं काम. माझ्या तोंडून निघालं नाही, कारण मग तुम्ही विचारलं असतं, कधी सांगितलं?

तुम्ही माझ्या गप्प बसण्याला नकार समजलात. साहजिक आहे. तुमच्या चांगुलपणाचा मी गैरफायदा घेतला. तुमचं दुःख मी माझ्या सोबतीसाठी धरून ठेवलं. यावर माफी मागायची असते हे मला समजतं, पण ती कागदावर मागून होणार नाही.

तर माझं उत्तर असं. लग्न करा. तिची परवानगी होती, तिच्या आईची आहे, आणि माझी घ्यायची गरज कधी नव्हतीच, तरी मागितलीत म्हणून देतो.

हे पत्र घालायला मी पाकीट मागणार नाही. आत्ता उठून ते ग्रंथपालबाईंच्या हातात देणार आहे. मी कोण हेही सांगेन. म्हणेन, तास संपला की मास्तरांना द्या, आणि आधी तुम्ही वाचलंत तरी चालेल, निरोपातला शेवटचा भाग तुमच्यासाठी आहे. त्या वाचतील की नाही मला माहीत नाही. खोकं मात्र मी त्यांना आज भरू नका म्हणणार आहे, उद्याही भरता येईल.

नंतर मी पुढच्या फाटकापाशी थांबतो, पाच वाजेपर्यंत. तुम्ही माझ्यावर रागावला असाल, आणि तसं वाटलंच पाहिजे, तर मागच्या दाराने घरी जा. शाळेला मागे दार आहे हे मी येताना बघून ठेवलं आहे. मी साडेपाचच्या बसने परत जाईन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. आणि समोरून आलात तर काही बोलू नका. सायकल कुठे लावायची एवढंच सांगा.

तिचा निरोप जवळ दडवून ठेवलेला, आणि तरीही तुमचाच,
बाबा